पटावरचं नाव आणि वर्गातलं मूल: नाशिक भागात नव्यानं आलेल्या मिशनरी कुटुंबासाठी

पेठ रोडला, दिंडोरीला, वणीच्या किंवा हरसूलच्या बाजूला बदली होऊन आलेलं पाळकाचं किंवा मिशन कार्यकर्त्याचं कुटुंब बहुतेक वेळा मे महिन्यात सामान लावतं आणि जूनमध्ये मुलांच्या याद्या करायला बसतं. कोण शाळेत जात नाही ते शोधायचं, हाताला धरून न्यायचं, नाव घालायचं. हे काम सोपं आहे. पटावर नाव चढवायला अर्धा दिवस लागतो आणि शिक्षकही खूश होतात. खरी गळती दिवाळीनंतर लागते. भात आणि नागलीची काढणी उरकली की पेठ-सुरगाण्याकडची घरं कुलूप लावून द्राक्षबागांकडे, वीटभट्ट्यांकडे उतरतात. नाव पटावर राहतं आणि मूल दुसऱ्या तालुक्यातल्या पालावर. म्हणून हे टिपण दाखल्यापेक्षा हजेरीबद्दल जास्त आहे. घरच्या कामकाजाबद्दलही आहे, कारण घराची घडी नीट बसली नाही तर हे काम दोन महिन्यांत थकवतं.

पहिला महिना: वही घ्या, वचन देऊ नका

शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक घराला एक पान द्या. पानावर एवढं लिहायचं: मुलाचं नाव (आई ज्या नावानं हाक मारते तेही), अंदाजे वय, भावंडं, सध्या कुणाजवळ राहतं, शेवटची शाळा आणि इयत्ता, आणि दिवाळीनंतर हे घर कुठे जातं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो रिकामा सोडून बाकी सगळं भरलेली वही नोव्हेंबरात काही उपयोगाची नसते.

वस्तीवर दोन वेगवेगळ्या वेळी जा. सकाळी अकराला गेलात तर शाळेच्या वेळेत कोण घरी आहे ते डोळ्यांना दिसतं. तेव्हा विचारपूस करू नका, फक्त बघा. बोलायला संध्याकाळी सातनंतर जा. बागेतली माणसं सहाच्या पुढे परततात, मग पाणी, चूल, अंघोळ. त्याआधी गेलात तर तुम्ही अडचण होता. नवरा-बायको दोघं मिळून जा. एकट्या पुरुषानं घरात बाई एकटी असताना जाऊ नये. गाडी लांब उभी करा.

"पोरगी शाळेत का येत नाही?" हा प्रश्न आईला आरोपासारखा लागतो आणि उत्तर ठरलेलं मिळतं: "येईल उद्यापासून." त्याऐवजी विचारा, "मावशी, तुम्ही कामावर गेल्यावर धाकट्याला कोण सांभाळतं?" इथे खरं कारण बाहेर येतं. घरी राहणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलीमागे पुष्कळदा दीड-दोन वर्षांचं भावंड असतं. कधी शेळ्या असतात, कधी शाळेच्या वाटेवरचा ओहोळ असतो, कधी शाळेतलं कुलूपबंद संडास. कारण वहीत आईच्या शब्दांत लिहा. प्रत्येक कारणावरचा इलाज वेगळा आहे आणि "पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही" हे त्यातलं कारण जवळजवळ कधीच नसतं.

भावंडाचा प्रश्न असेल तर आधी अंगणवाडी गाठा. तीन ते सहा वर्षांचं मूल तिथे बसू शकतं. मोठीला शाळेत आणि धाकट्याला अंगणवाडीत एकाच सकाळी नेऊन बसवा. एकटीला नेलंत तर चौथ्या दिवशी ती घरी असते. तीन वर्षांखालचं मूल असेल तर आजी किंवा शेजारीण शोधावी लागते. दोन-तीन घरांनी मिळून एका म्हातारीला रोज थोडं धान्य द्यायचं, हा वस्तीवरचाच जुना तोडगा आहे. तो चालतो, कारण तो त्यांचा आहे.

घराची घडी

मिशनच्या घराचं दार सकाळपासून वाजतं. कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं, कुणाला अर्ज लिहून हवा असतो, कुणी नुसतं बसायला येतं. वेळापत्रक नसेल तर सगळा भार पाळकबाईवर पडतो, कारण घरात ती असते. त्यामुळे जूनच्या आधीच वेळा ठरवून टाका.

साधारण असा दिवस पेलतो. पाचला उठणं, नळाच्या वेळेप्रमाणे पाणी भरणं. सहाला घरची भक्ती, पंधरा मिनिटं: एक गीत, एक छोटा पाठ, प्रार्थना. लांबवू नका, नाहीतर डबे राहतात आणि मुलांना भक्ती म्हणजे उशीर वाटू लागतं. साडेसहा ते आठ स्वयंपाक आणि स्वतःच्या मुलांची तयारी. साडेनऊ ते साडेदहा वाटेवरची वेळ: शाळेच्या रस्त्यावर घरातलं एक माणूस चालत असायला हवं. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा साडेदहाच्या सुमारास भरतात आणि शनिवारी सकाळी, त्यामुळे शनिवारची वेळ वेगळी लिहा. अकरा ते एक कागदपत्रं आणि कचेऱ्या. दुपार भेटींना. साडेपाच ते सात अभ्यासवर्ग. सातनंतर वस्ती, पण आठवड्यातून तीनच संध्याकाळी.

रविवार तुमच्यासाठी कामाचा दिवस आहे: उपासना, शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग), आजाऱ्यांच्या भेटी. म्हणून सोमवारी दुपार पूर्ण बंद ठेवा आणि ते मंडळीला सांगा. सुरुवातीला लोक तरीही येतील, दोन महिन्यांत त्यांना सवय होते. स्वतःच्या मुलांचा अभ्यास संध्याकाळच्या वर्गातच उरकायचा नाही. त्यांना आईबापांची वेगळी अर्ध्या तासाची बैठक हवी. पाळकाचं मूल वस्तीतल्या मुलांसमोर नमुना म्हणून उभं करू नका. त्या मुलाचंही बालपण आहे.

कागद: एका मुलाला एक फाइल

बटणाची प्लॅस्टिक फाइल घ्या, मुलाचं आणि आईचं नाव वर लिहा. मूळ कागद आईकडे, झेरॉक्स तुमच्याकडे. मूळ कागद कधीही मिशनच्या कपाटात ठेवू नका. घर स्थलांतर करतं तेव्हा कागद त्यांच्यासोबत असायला हवेत आणि तुमचीही बदली होणारच आहे.

कागद नाहीत म्हणून मूल शाळेबाहेर थांबत नाही, हे आधी लक्षात घ्या. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्याची किंवा परिचारिकेकडची नोंद, अंगणवाडीची नोंद, आणि तेही नसेल तर पालकाचं स्वयंघोषणापत्र चालतं. कधी कारकून "आधी आधार आणा" म्हणून परत पाठवतात. तेव्हा वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि मूल त्याच दिवशी वर्गात बसवून घ्या, अशी शांतपणे विनंती करा. अर्जाची पोच मागितली की बहुतेक अडचणी तिथेच सुटतात.

पण पुढच्या वर्षांसाठी कागद करायचेच. जन्माची नोंद एकवीस दिवसांत झाली तर सोपी. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट असते, म्हणून गावातल्या बाळंतिणींची आठवण ठेवा आणि आठवड्याभरात ग्रामपंचायतीत नोंद झाली का ते विचारा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच दाखवावा लागणार आहे. त्यांच्या बाबतीत बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली तारीख ही पर्यायी सोय नाही.

आधार कार्डात पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, हे घरात कुणाला आठवत नाही. वहीत मुलाच्या नावापुढे ती दोन वर्षं लिहून ठेवा.

आता ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीतली एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे मुलांची पुढची दहा वर्षं अडकतात. शाळेच्या जनरल रजिस्टरात धर्म आणि जात असे दोन वेगळे रकाने असतात. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकूर कुटुंब ख्रिस्ती असलं तरी अनुसूचित जमातीचा हक्क धर्मावर अवलंबून नाही. धर्म "ख्रिस्ती" आणि जात "कोकणा" असं लिहून घ्यायचं. कुणी घाईत दोन्ही रकान्यांत "ख्रिश्चन" लिहिलं की पुढे जातीचा दाखला आणि पडताळणी दोन्हीकडे तीच नोंद आडवी येते. अनुसूचित जातीचं मात्र तसं नाही. १९५० च्या आदेशाप्रमाणे आणि पुढच्या दुरुस्त्यांप्रमाणे ती सवलत हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. हा भेद पालकांना आधीच स्पष्ट सांगा, खोटी आशा दाखवू नका आणि कागदावर धर्म लपवायला तर मुळीच सांगू नका.

जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा विचारला जातो. तो घरात सापडत नाही, पण आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या गावात चार दिवस शाळेत गेले त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडतो. त्या शाळेत अर्ज करून निर्गम उतारा (रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल) मागा. रजिस्टर जीर्ण असतं, मोडी लिपीत किंवा पुसट शाईत असतं. दुपारी, मुख्याध्यापकांना वेळ असेल तेव्हा जा आणि आजोबांचं सगळं नाव, गाव, अंदाजे साल लिहून न्या. तलाठ्याकडची जुनी महसुली नोंदही कामी येते.

शाळेत बोलणी

पहिली भेट मुख्याध्यापकांची, तक्रार न घेता. तुमच्या वस्तीतल्या किती मुलांची नावं पटावर आहेत आणि किती रोज येतात, एवढंच विचारा. शिक्षकांवर पटाचा दबाव असतो. तुम्ही शिक्षण खात्याकडे बोट दाखवायला आला नाहीत हे कळलं की ते खरं बोलतात.

मूल दहा वर्षांचं आहे आणि कधीच शाळेत गेलं नाही, तर कायद्याप्रमाणे त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यायचं असतं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. प्रत्यक्षात चूक दोन्ही बाजूंनी होते. कुणी त्याला पहिलीत बसवतं, मग ते लाजून पळतं. कुणी पाचवीत बसवून सोडून देतं, मग ते खिडकीतून बाहेर बघत बसतं. पाचवीत नाव आणि संध्याकाळी तुमच्याकडे अक्षरं, हे जोडून करावं लागतं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, सगळ्यांत मिळून निम्म्या बायका. तुम्ही स्वतः समितीत शिरायचा प्रयत्न करू नका. वस्तीतल्या एका बोलक्या आईला तिथे जायला धीर द्या. संडासाचं कुलूप तिच्या बोलण्यानं निघतं.

शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) खाजगी शाळांमध्ये राखलेल्या २५ टक्के जागांबद्दल नेहमी विचारणा होते. वंचित गटातल्या मुलांना, आणि बाकीच्यांना वर्षाला एक लाखाच्या आत उत्पन्न असेल तर, तिथे अर्ज करता येतो. पालकांना वाटतं की पाळकाच्या ओळखीनं चर्चच्या शाळेत ही जागा मिळेल. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे अल्पसंख्याक संस्थांना ही अट लागू नाही, तेव्हा मिशनच्या शाळेत "आरटीईतून" प्रवेश होत नाही. ती शाळा स्वतःहून फी माफ करते का ते वेगळं विचारावं लागतं. हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

गणवेशाबद्दल दोन शब्द. शाळेकडून मिळणारा गणवेश उशिरा येऊ शकतो. तोवर मूल लाजतं. एक जोड तुम्ही घेणार असाल तर एक माप मोठा घ्या आणि खाली दोन इंच दुमड ठेवून शिवून घ्या, दोन वर्षं जातो. जूनमध्ये बूट नकोत, चिखलात दोन आठवड्यांत उसवतात. पट्ट्याची रबरी चप्पल बरी. दप्तराच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला. पेठ, त्र्यंबक, इगतपुरीच्या पावसात वह्यांचा लगदा झाला की मूल मार खाण्याच्या भीतीनं शाळा टाळतं.

लांबच्या शाळेत जाणाऱ्या ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून. मुलांना भाड्याच्या एक तृतीयांशात मिळतो. दोन्हींना शाळेच्या सहीशिक्क्याचा अर्ज लागतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आगारात गर्दी उसळते, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यातच सह्या करून ठेवा आणि दहा-बारा मुलांचे एकत्र न्या.

दिवाळी ते आखाजी

हा भाग नीट वाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) सुरू होते. मागोमाग काडीच्या डोळ्यांना पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून औषध लावणं), मग फेलफुटी म्हणजे नको असलेली फूट काढणं, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), घडांची विरळणी आणि जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत खुडा, म्हणजे घडांची तोडणी. दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या एकरावर काम घेतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत घर परत येत नाही. लोक ह्याला "जगायला जाणं" म्हणतात आणि ते शब्दशः खरं आहे. "मुलांसाठी जाऊ नका" असं सांगणं व्यर्थ आहे. तुम्ही त्यांची उचल फेडणार नाही.

तुमचं काम दसऱ्याला सुरू होतं. दसऱ्याच्या आठवड्यात वहीतल्या प्रत्येक घराला विचारा: जाणार का, कधी, कुठल्या गावाला, कुठला मुकादम, मुलं सोबत की मागे? उत्तर दोन प्रकारचं येतं.

मूल मागे राहणार असेल, आजी-आजोबांकडे, तर शाळेकडे हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. प्रस्ताव मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समितीमार्फत वर जातो आणि त्याला वेळ लागतो. नावांची यादी स्थलांतर झाल्यावर दिलीत तर हंगाम संपल्यावर मंजुरी येते. आजी-आजोबा थकलेले असतील तर रात्रीचं जेवण हा खरा प्रश्न असतो. दुपारचा पोषण आहार शाळेत मिळतो (पाचवीपर्यंत दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य असा हिशेब असतो), रात्रीचं तुम्ही शेजाऱ्यांशी बोलून लावायचं.

मूल सोबत जाणार असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. त्यावर मुलाची इयत्ता आणि ते कुठवर शिकलंय ते लिहिलेलं असतं. ते दाखवलं की बागेजवळच्या शाळेला मूल बसवून घ्यावं लागतं, नवा दाखला न मागता. कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून आईच्या हातात द्या, बापाच्या खिशात नको, तिथे ते आठवड्यात विरघळतं. फोटो स्वतःच्या मोबाइलमध्येही ठेवा. मग ज्या गावाला जाणार त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा: अमुक तारखेच्या सुमारास अमुक बागेवर पाच मुलं येतील. त्या फोनशिवाय कार्ड बहुतेक वेळा पत्र्याच्या पेटीतच राहतं.

टोळी पोहोचल्यावर आठ दिवसांच्या आत तिथे एकदा जाऊन या. बागेचे मालक भले असतात, पण त्यांना सांगावं लागतं. "दादा, शाळा दीड किलोमीटर आहे, सकाळी ट्रॅक्टर दूध घालायला जातोच, तेवढी पोरं सोडाल का?" असं नेमकं मागणं मागा. "मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष द्या" असं म्हटलंत तर ते मान डोलावतील आणि काही होणार नाही. पेस्टिंगला वापरतात ते हायड्रोजन सायनामाइड अंगाला आणि डोळ्यांना घातक आहे. त्या दिवसांत लहान मुलं बांधावरसुद्धा असू नयेत, हे मालकाला आणि आईला दोघांनाही सांगा. शाळेत पाठवायला ह्याहून पटणारं कारण सापडत नाही.

परतीचा काळ होळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत, म्हणजे आखाजीपर्यंत पसरलेला असतो. मूल परत आलं की त्याच आठवड्यात गावच्या शाळेत नेऊन बसवा, परीक्षा संपली असली तरी. नाहीतर "आता जूनलाच" असं ठरतं आणि जूनमध्ये ते मूल एक वर्ष मागे, एक हात उंच आणि बरंच अबोल झालेलं असतं.

हजेरीचा एक साधा नियम: सलग तीन दिवस मूल दिसलं नाही तर तिसऱ्या संध्याकाळी घरी जायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक मुलाच्या नावाची एक ओळ करा आणि ठिपके द्या. एका दिवसाच्या गैरहजेरीवर धावलात तर पालक वैतागतात. आठवडा थांबलात तर वर्गातला धडा पुढे गेलेला असतो आणि मूल स्वतःच जायला घाबरतं.

संध्याकाळचा वर्ग

ओसरीवर, उघड्यावर, रस्त्यावरून दिसेल असा. वीस मुलांना दोन मोठी माणसं आणि दोन वीस वॅटच्या एलईडी ट्यूब पुरतात. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला एकटं जवळ बसवून तपासा: अक्षरं ओळखतं का, दोन अक्षरी शब्द वाचतं का, चार ओळींचा उतारा, मग गोष्ट. गट ह्यावर करा, इयत्तेवर नाही. सहावीतलं मूल शब्दांच्या गटात बसलं तर गटाला आंब्याचं, मोराचं नाव द्या, नंबर देऊ नका. पाऊण तास वाचन, वीस मिनिटं गणित, उरलेला वेळ शाळेचा गृहपाठ. गृहपाठानं सुरुवात केलीत तर तोच संपत नाही.

कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी ही दुसरी भाषा आहे. ते गप्प आहे म्हणून मठ्ठ ठरवू नका. वस्तीतली बारावी झालेली मुलगी शोधा, तिला ठरलेलं मानधन वेळेवर द्या, आणि लहान गट तिच्याकडे सोपवा. ती जे एका वाक्यात समजावते त्याला तुम्हाला अर्धा तास लागेल.

खाऊ साधा ठेवा. पंचवीस मुलांना एक किलो सुकी मटकी पुरते. सकाळी भिजत घाला, आठ-दहा तासांनी पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात. नाशिक-निफाडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पूर्ण दिवस लागतो, तेव्हा गाठोडं डब्यात घालून गोधडीत गुंडाळा आणि चुलीजवळ ठेवा. मोडाला आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं. ती मटकी फेकून द्या, धुऊन वापरू नका. अर्धा किलो कांदा, शंभर ग्रॅम तेल, हळद, मीठ, तिखट बेताचं. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटांत शिजते. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी मुलामागे पन्नास ग्रॅम शेंगदाणे आणि तीस ग्रॅम गूळ. बिस्किटांची सवय लावू नका.

हद्द कुठे आखायची

१८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकजवळ शरणपूर वसवलं आणि पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली, त्यांना अक्षरं आणि सुतारकी-लोहारकी शिकवली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीला खांदा द्यायला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत होता. त्या मुलांना घर उरलं नव्हतं, म्हणून मिशन हेच घर झालं. तुमच्या वस्तीतल्या मुलांना घर आहे, आई आहे. त्यांना मिशनच्या आवारात ठेवून घ्यायचा मोह आवरा. बाल न्याय कायद्याखाली नोंदणी नसताना दुसऱ्यांची मुलं निवासी ठेवणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. मूल खरोखर निराधार सापडलं तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा आणि चोवीस तासांत बाल कल्याण समितीसमोर न्या. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. मंडळीत बोलून मिटवण्याचा विषय नाही तो. एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसायचं नाही, पाळकानंही नाही.

अभ्यासवर्ग आणि उपासना ह्यांची वेळ, जागा, शक्य तर माणसंही वेगळी ठेवा. वहीसोबत पत्रक देऊ नका. वर्गाच्या आधी सगळ्यांकडून प्रार्थना म्हणवून घेऊ नका. शब्बाथशाळेत यायचं की नाही ते आईबाप ठरवतील आणि न येणाऱ्या मुलाची वही, खाऊ, जागा तशीच राहील. प्रीतीनं केलेल्या कामाला मोबदला नसतो. वहीच्या बदल्यात काही अपेक्षा आहे असं एका जरी आईला वाटलं तरी सगळी वस्ती तुमच्यापासून दूर जाते आणि तिचं वाटणं रास्त असतं.

पैशाबाबत: पालकांच्या हाती रोख देऊ नका, फी शाळेला चेकनं भरा, पावती फाइलमध्ये लावा. परदेशातल्या मित्रांनी ह्या कामासाठी मदत पाठवायची म्हटलं तर ती स्वतःच्या खात्यात घेऊ नका. विदेशी देणगीला एफसीआरएची (विदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी असलेली संस्था आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं लागतं. मुलांचे फोटो काढून देणगीदारांना पाठवणं टाळा. पाठवायचंच असेल तर आईची लेखी संमती घ्या आणि चेहरा, नाव, गाव एकत्र देऊ नका.

नववीतली तपासणी

मूल नववीत गेलं की फाइल बाहेर काढा. जनरल रजिस्टरातलं नाव, वडिलांचं, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, धर्म, जात ह्या सगळ्या नोंदी आधार आणि जातीच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. "रोहिणी"चं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असतं, वडिलांचं नाव एका ठिकाणी "काळू" आणि दुसरीकडे "काळूराम" असतं. मूल शाळेत शिकत असेपर्यंत अर्ज करून दुरुस्ती होऊ शकते. दहावीचं प्रमाणपत्र हातात आल्यावर तीच दुरुस्ती महिनोन् महिने फिरवते. दुरुस्तीचा अर्ज नववीच्या दिवाळीआधी द्या, पोच फाइलमध्ये लावा, आणि दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरला जाईल त्या दिवशी आईला सोबत घेऊन शाळेत जा. फॉर्मची छापील प्रत मोठ्यानं वाचून दाखवा आणि तिनं "बरोबर आहे" म्हटल्यावरच मुलाला सही करू द्या.